वाजवून पाहिली

सीताबर्डीतल्या वाद्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गिटार घ्यायला गेले तेव्हा आमचे कचेरीतले सर बरोबर होते, आणि त्यामुळे त्या दिवशी मला गिटार मिळाली नाही.

तशी मी तिशी ओलांडल्यावर गिटार शिकायला निघालेली बाई, म्हणजे आधीच हसण्याचा विषय. दुकानदाराने मात्र मनावर घेतलं. काचेच्या कपाटातून त्याने एक काळीभोर गिटार काढून गादीवर ठेवली. तिच्या अंगावर सोनेरी शाईत एका परदेशी वादकाची लफ्फेदार सही होती. "सिग्नेचर मॉडेल आहे मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. सरांनी चष्मा पुसला, सही जवळून बघितली, मग लांबून बघितली आणि विचारलं, "हे गिटार तो माणूस सोता वाजवते का?"

"म्हणजे? नाव आहे ना सर त्याचं."

"नाव तं माह्या घराच्या पाटीवर माहंबी हाय. पण घर माही बायको चालवते."

"कंपनीवाले फोकट नाव टाकतील काय?"

"तेच तं इचारून राहिलो मी."

मग दुकानदाराच्याच मोबाइलवर त्या वादकाच्या कार्यक्रमाची चित्रफीत शोधण्यात आली. त्यात तो गडी डोळे मिटून, केस उडवत, एक जुनीपुराणी लाल गिटार वाजवत होता. सरांनी मोबाइल परत दिला आणि मला म्हणाले, "चाला मॅडम." मी मान खाली घालून निघाले. आठवड्याने दुसऱ्या दुकानातून मी एक बिनसहीची गिटार आणली. ती अजून माझ्याकडे आहे आणि माझ्यापेक्षा बरी वाजते.

सर म्हणजे राजपत्रित अधिकारी. मी त्यांच्या हाताखाली कारकून. बुटके, गोल, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशात हिरव्या शाईचं पेन. त्या काळात गुणपत्रिकेच्या सत्यप्रतीवर साहेबाची सही लागायची. बाकीचे साहेब चहा पिता पिता गठ्ठाच्या गठ्ठा सह्या करून मोकळे होत. आमच्या सरांच्या टेबलासमोर मात्र रांग. ते मूळ प्रत मागायचे, बोट ठेवून दोन्हीतली ओळ न् ओळ ताडून बघायचे, कुणाचे गणितात कमी गुण दिसले तर "काहून गा, अभ्यास नाही केला का?" असं विचारायचे, आणि मग सही. मूळ प्रत घरी राहिलेल्यांना ते उमरेडहून आलेत की मौद्याहून याचाही विचार न करता परत पाठवायचे. लोक चिडायचे. मीही एकदा चिडून म्हणाले, सर, सगळेच असं डोळे झाकून करतात. त्यांनी तो शिक्का उचलून माझ्यासमोर धरला. "याच्यावर काय लिहिलं हाय? मूळ प्रत पाहिली. मंग पाहिली पाहिजे का नाही?"

कचेरीच्या वेळेत ते मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचे. पावणेसहा वाजले की खुर्चीवरचा रुमाल खांद्यावर टाकत त्याच तोंडाने "काहून वं, आज घरी काय भाजी?" असं सुरू. सुटीच्या दिवशी त्यांनी मला मॅडम म्हटलं तर समजायचं, काहीतरी बिनसलं आहे. त्यांचा मूड ओळखायची आणखी एक खूण होती. ते फायलीवर बोटांनी सारखे ठेके धरायचे. ठेका द्रुत असला की रजेचा अर्ज पुढे सरकवायचा.

कारण सर खंजिरी वाजवायचे. सक्करदऱ्याच्या एका भजनी मंडळात दर गुरुवारी. आणि काय वाजवायचे! एरवी जिना चढताना दोनदा थांबणारा हा माणूस खंजिरी हातात आली की गुडघ्यांवर उभा राहायचा, डोक्यावरची टोपी मागे सरकायची, आणि चामड्यावरून अंगठा असा फिरवायचा की त्या इवल्याशा कड्यातून घुमारा निघून समोरच्याच्या छातीत शिरावा. थंडीत चामडं सैल पडू नये म्हणून खंजिरी कचेरीच्या खिडकीत उन्हाला ठेवलेली असे. त्या खिडकीत फाईल ठेवायची कुणाची छाती नव्हती.

तर अशा या माणसाला जाहिरातींनी छळलं होतं. कुठल्या तबल्यावर कुणाचा हसरा फोटो, कुठल्या पेटीवर कुणाची सही, हे बघून त्यांना झोप लागायची नाही असं त्यांची बायको सांगायची. "बाकीच्या नवऱ्यायले बाकीची व्यसनं असतात वं," ती मला म्हणाली, "याले पत्रं लिहायचं हाय." खरंच ते पत्रं लिहायचे. स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या तिकिटाने, पण भाषा कचेरीची. एका थोर, वयोवृद्ध बासरीवादकांना त्यांनी लिहिलेलं पत्र मीच टंकलं होतं, म्हणून जवळजवळ पाठ आहे. 'विषय : आपल्या नावाने विक्रीस असलेली बासरी आपण स्वतः वाजवता किंवा कसे याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विचारणा करण्यात येते की,' वगैरे. शेवटी, 'पंधरा दिवसांत खुलासा प्राप्त न झाल्यास आपण सदर बासरी वाजवत नाही असे गृहीत धरण्यात येईल.' मी हे वाक्य काढा म्हणून विनवलं. ते म्हणाले, "काढलं तं उत्तर कोण देईल?"

उत्तर आलं! थरथरत्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'माझ्या नावाची बासरी बाजारात आहे हे आपल्या पत्रामुळे कळले. एक घेऊन पाठवावी, कशी वाजते ते बघतो.' सरांनी दुसऱ्या दिवशी बासरी घेतली, कापसात गुंडाळून रवाना केली, आणि महिनाभर पोस्टमनला रस्त्यात अडवून भंडावून सोडलं. मग कार्ड आलं. 'बरी आहे. माझी नाही.' ते कार्ड त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कुणी भेटायला आलं की त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा खरा मोठा माणूस."

मला सुरुवातीला वाटायचं, सरांना लोकांना खोटं पाडण्यात मजा येते. माझा हा समज एका संध्याकाळी मोडला.

धंतोलीजवळच्या मैदानावर एका वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. सरांनी अंबाझरी तलावावर पक्षी बघायला म्हणून घेतलेली दुर्बीण आणली होती. आजूबाजूचे लोक गायिकेची साडी बघत होते आणि सर दुर्बिणीतून की-बोर्डचा काठ. मध्येच त्यांनी माझं कोपर दाबलं. "नावावर काळी टेप चिकटवली हाय. कोपरा सुटला, खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव हाय." बाहेरच्या फलकावर तोच वादक स्वतःच्या सहीच्या एका नव्या कोऱ्या की-बोर्डवर रेलून हसत होता, आणि तो की-बोर्ड हा नव्हता, हे मलाही आता दिसलं. मध्यंतर झालं आणि सर उठले. रंगमंचामागे स्वयंसेवकांनी अडवलं, तर हे कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "तपासणीले आलो." त्या आवाजाला नागपुरात कुणी अडवत नाही.

वादक पंचविशीचा, घामाने भिजलेला, वडापाव खात होता. सरांनी नाव-गाव न विचारता थेट टेपेकडे बोट केलं. मला वाटलं आता भांडण होणार. तो पोरगा आधी गोंधळला, मग हसायला लागला.

"काका, ओळखणारे तुम्ही पहिलेच हो. पोस्टरवरचा तिथं पेटीत आहे, पॅक. आठ वर्षं याच्यावर वाजवून राहिलो, याची बटणं बोटायले पाठ आहेत."

"मंग सही काहून केली गा?"

पोराने वडापाव खाली ठेवला. "आनंद झाला काका. मी मौद्याचा. आपलं नाव छापतात म्हटल्यावर मले दोन दिवस जेवण गेलं नाही. नाही कसं म्हणू?"

सर पुढे झाले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "हे बरं बोलला तू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घरी वडाभात जेवायला बोलावून मोकळे झाले. तो आलाही, आणि वड्यांवर फोडणीचं तेल ओतून घेत त्याने मंडळाच्या लोकांना हसवून हसवून बेजार केलं. त्या संध्याकाळी मैदानातून परतताना सर मला म्हणाले होते, "सही करण्यात लबाडी नाही वं. सही हौसेनं होते. लबाडी नंतर येते, टेप लावतेवेळी." मला ते फार पटलं. तेव्हापासून मी त्यांच्या पत्रांतली कडक वाक्यं आपणहून मऊ करून टंकायला लागले. त्यांनी ते कधी ताडलं नाही, की ताडून गप्प बसले, कोण जाणे.

पुढे सर निवृत्त झाले आणि वाद्यावर सही द्यायची वेळ त्यांच्या स्वतःवरच आली.

महालातल्या एका बोळात खंजिऱ्या बनवणाऱ्या वहिनींचं दुकान होतं. पाटीवर त्यांच्या नवऱ्याचं नाव. तो सरांचा दोस्त, वारून बरीच वर्षं झाली होती. वहिनी पूर्वी मागच्या खोलीत चामडं भिजवायच्या, ताणायच्या, लाकडी कड्यावर चिकटवायच्या. तो गेल्यावर पुढच्या खोलीतही त्याच बसू लागल्या. त्यांना बोळातले सगळेच वहिनी म्हणायचे, मीही. एका रविवारी मी सरांना स्कूटरवरून तिथे सोडायला गेले होते. वहिनी भरल्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, आता बाहेरून चकचकीत खंजिऱ्या येऊन राहिल्या. त्याच्यावर कोणाकोणाच्या सह्या छापल्या असतात. मंडळवाले येतात, माही खंजिरी वाजवून पाहतात, अन् इचारतात, सहीवाली नाही का? तुम्ही द्या ना तुमची सही. तुमचा हात साऱ्यायले माहीत हाय."

सरांचा चेहरा असा लाल झाला की मी दुसरीकडे बघितलं. मौद्याच्या त्या पोराचा आनंद आता त्यांना अगदी आतून कळला असणार. दोन दिवस ते रद्दी वर्तमानपत्रांवर सह्या गिरवत बसले होते, हे मला त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. सही छापायची नाही, ती हातानेच होईल. आणि वाजवल्याशिवाय एकाही खंजिरीवर होणार नाही. नुसती टिचकी मारून नाही, एक अख्खं भजन.

मग दर रविवारी सकाळी आमची वरात महालात. वहिनी खंजिऱ्या मांडून ठेवायच्या, सर एकेक उचलून, डोळे मिटून, धृपदापासून शेवटच्या कडव्यापर्यंत एक भजन म्हणायचे, आणि मग कड्याच्या आतल्या बाजूला हिरव्या शाईने लिहायचे : 'वाजवून पाहिली.' खाली सही. इथवर ठीक होतं. पण आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेला हात, तो सहीपाशी कसा थांबेल? तिसऱ्याच खंजिरीवर त्यांनी लिहिलं, 'वाजवून पाहिली. आवाज किंचित उद्धट आहे.' पुढचीवर, 'पावसाळ्यात रुसेल, समजून घ्यावे.' आणखी एकीवर, 'घाईची भजने हिला मानवत नाहीत.'

वहिनींनी कपाळावर हात मारला. "भाऊजी, पोरगी पाहायले पाहुणे आले, अन् तुम्ही तिच्या कपाळावर तिचे दोष लिहून राहिले!"

"दोष नाही वहिनी, स्वभाव लिहिला."

"स्वभावाची कोण घेईल?"

सगळ्यांत आधी ती उद्धट गेली. उमरेडचं एक मंडळ शेरा वाचून पोट धरधरून हसलं आणि म्हणालं, आमचे बुवाही असेच आहेत, जोडी जमेल. मग बोळात लोक येऊन 'शेऱ्याची खंजिरी' मागू लागले. एक मावशी तर नातवंडं फार धावपळ करतात म्हणून 'शांत स्वभावाची' शोधत होत्या. दुसऱ्या एका मंडळाने आधीची खंजिरी परत आणली. तिच्यावर नुसतीच सही होती, शेरा नव्हता, म्हणजे सरांनी तिला नीट ऐकलं नाही असा त्यांचा आक्षेप. सरांनी ती पुन्हा वाजवली आणि लिहिलं, 'निर्दोष. त्यामुळे लिहिण्यासारखे काही नव्हते.' वहिनींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि मी इतकी वर्षं नोकरी करून जेवढी हसले नसेन तेवढी त्या रविवारांनी हसले.

मग तो उन्हाळा संपला. कूलरच्या वाळलेल्या ताट्या काढायला सर स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर, आणि प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा वळेना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती ते म्हणाले नाहीत.

नेमकी त्याच वेळी काटोलच्या मंडळाची मागणी आली होती. दिवाळीनंतर त्यांच्याकडे भजनांची मोठी स्पर्धा, गावोगावची मंडळं येणार. त्यांना बारा खंजिऱ्या हव्या होत्या, सगळ्या सरांच्या सहीच्या. वहिनींच्या दुकानाला एवढी मागणी कधीच आली नव्हती. त्या एकट्या राबल्या. बाराही खंजिऱ्या फळीवर तयार होत्या, सुकलेल्या, ताठ. सही नसेल तर काटोलवाले बाहेरच्या चकचकीत घेणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि एकदा काटोलने घेतल्या की बाकीची गावंही तिकडेच वळणार, हे वहिनींना आणि मलाही कळत होतं.

आम्ही गेलो तेव्हा वहिनींनी पेन पुढे केलं. "डाव्या हातानं करा भाऊजी. वाकडी आली तं आली."

"सहीचं काही नाही वहिनी. वाजवू कशानं?"

"साऱ्या एकाच हातच्या हायत. तुम्ही माह्या खंजिऱ्या डोळे मिटून वळखता. कोण इचारते?"

"मी इचारतो," सर म्हणाले.

मला वहिनींची दया आली आणि सरांचा राग. मी मध्ये पडले. म्हटलं, मी वाजवते जमेल तशी, तुम्ही ऐका आणि सही करा, ऐकणं म्हणजेही तपासणंच की. सरांनी माझ्याकडे बघितलं. रविवार होता. "मॅडम," ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही वाजवणार अन् सही माही?" मी मागे सरले.

वहिनींचे डोळे भरून आले होते. त्या उठल्या, फळीवरच्या खंजिऱ्या आवरू लागल्या. एक उचलली, आणि सवयीने त्यांची बोटं तिच्यावर पडली. दोन-चार थाप, अंगठ्याचा एक घुमारा, झालं. सर ताठ बसले.

"वहिनी, पुन्हा करा."

"काय पुन्हा?"

"आता केलं ते."

"काही नाही केलं. सुकली का पाहून राहिली होती."

"एक भजन म्हणा. धरा."

वहिनींनी दाराकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "शटर ओढ वं." मी अर्धं ओढलं. त्या म्हणाल्या, "पूर्ण." अंधारात, एका पिवळ्या दिव्याखाली, त्या बाईने खंजिरी छातीशी धरली आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज बारीक, थोडा चिरका. पण हात! सरांचा हात मी इतकी वर्षं ऐकला होता. सर खंजिरीला बोलायला लावायचे. वहिनींच्या हातात ती आपणहून बोलत होती. भजन संपलं तेव्हा बोळातला कुणीतरी बाहेरून शटरवर ठेका धरून होता, तो दोन थापा उशिरा थांबला.

"कुठी शिकल्या?" सरांनी विचारलं.

"शिकणार कुठी? ते पुढं बसून विकत. मी मागं, खंजिरी दुकानात जायच्या आधी एकदा पूर्ण वाजवून घ्यायची. कच्ची जाऊ नये म्हणून. दार लावून. त्यायले सांगितलं नव्हतं, ते म्हणाले असते येळ काहून घालवते."

"प्रत्येक खंजिरी?"

"हो."

"माही जुनी?"

"तीबी."

सरांनी दुखरा हात मांडीवर घेतला. "साऱ्या दुनियेले पत्रं लिहिली मी," ते म्हणाले, "अन् तुमच्या दारात इतकी वर्षं येऊन तुम्हाले एकदाबी इचारलं नाही." त्यांना खरोखर लाज वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही. मग खिशातलं हिरवं पेन काढून त्यांनी वहिनींच्या हातात दिलं.

"माही सही कोण वळखते भाऊजी?"

"वाजवून पाहिली ना?"

"पाहिली."

"मंग लिहा."

वहिनींनी जपून, शाळेत लिहितात तसं, 'वाजवून पाहिली' लिहिलं. खाली स्वतःचं नाव, पूर्ण. पाटीवर नव्हतं ते. बाकीच्या अकरा त्यांनी दोन दिवसांत वाजवल्या. पहिल्या दिवशी शटर खाली होतं. दुसऱ्या दिवशी ते वर होतं आणि बोळातल्या बायका पायरीवर भाजी निवडत ऐकत होत्या.

काटोलचे लोक न्यायला आले. त्यांच्या प्रमुखाने एक खंजिरी उलटी करून वाचली आणि कपाळाला आठी घातली. "ही कोणाची सही हाय?" वहिनींनी सरांकडे बघितलं. मीही. सर छताकडे बघत होते. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "माही हाय."

"तुम्ही वाजवता?"

वहिनींनी फळीवरची खंजिरी उचलली. सुरुवातीला एक ठेका चक्क चुकला. मग दुसऱ्या कडव्यापासून आलेल्या माणसांपैकी एकाने टाळी धरली, दुसऱ्याने धृपद उचललं, आणि संपलं तेव्हा प्रमुखाने टोपी काढून हातात घेतली होती. त्यांनी बाराही नेल्या. वर म्हणाले, "बाई, स्पर्धेची सुरुवात तुम्हीच करा." सर नंतर मला म्हणाले, "मी बोललो असतो तं माह्या शब्दावर घेतल्या असत्या वं. मंग पुन्हा माहीच सही झाली."

काटोलला संत्र्यांच्या बाजाराच्या आवारात मांडव होता. भर दुपार, संत्र्यांचा वास सगळीकडे, पेट्यांवर बसलेली माणसं. वहिनी नवी हिरवी साडी नेसून मंचावर गेल्या. शटर ओढायला तिथे कुणी नव्हतं. त्यांनी खंजिरी छातीशी धरली आणि सुरू केलं. काय सांगू, शेवटच्या कडव्याला सारा मांडव गात होता, आणि आमचे सर डाव्या हाताने मांडीवर थापा मारत, तोंडाने घुमारा काढत, शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माह्या वहिनी हाय ह्या." मी रडत होते आणि हसतही होते. मला दोन्हीची लाज वाटली नाही.

भजन झाल्यावर वहिनींनी सोबत आणलेल्या खंजिऱ्यांभोवती गर्दी झाली. बायका जास्त. प्रत्येकीला तिच्यासमोर वाजवून, लिहून हवी होती. रांग लागली. थोड्या वेळाने बघते तर रांगेत, दोन म्हाताऱ्यांच्या मागे, आमचे सर उभे.

"भाऊजी, तुम्ही काहून रांगेत?" वहिनी ओरडल्या.

"मले एक पाहिजे."

"तुमच्याकडं हाय ना जुनी."

"तिच्यावर काही लिहिलं नाही."

त्यांची पाळी आली. वहिनींनी चार बाजूला ठेवल्या, पाचवी निवडली, अख्खं भजन म्हटलं, एकही कडवं न गाळता. मागची रांग खोळंबली तरी कुणी कुरकुरलं नाही. मग त्यांनी लिहिलं, थांबल्या, थोडं हसल्या आणि आणखी एक ओळ लिहिली. मी सरांच्या खांद्यावरून वाचली. 'वाजवून पाहिली. हिला घाई नाही, थांबेल.'

सरांनी ती पिशवीत ठेवायला घेतली. मी म्हटलं, "सर, एकदा कानाशी धरून तर बघा. न तपासता घेणार?"

"वहिनींनी वाजवून पाहिली ना," ते म्हणाले, आणि पिशवीचे बंद बांधून टाकले.